प्रेमकथांचं कपाट

“असली पुस्तकं वाचून कुणाचं भलं झालंय, एक तरी नाव सांगा.” वाचनालयाच्या कार्यकारी मंडळाच्या सभेत एका ज्येष्ठ सदस्यांनी मला, ग्रंथपालाला, हे सुनावलं, त्याला बरीच वर्षं झाली. अजूनही आठवलं की अंगाचा तिळपापड होतो.

तालुक्याचं वाचनालय, तुटपुंजं अनुदान, अपुरी जागा हे सगळीकडे सारखंच. स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी जागा करायची होती. बोट गेलं ते थेट प्रेमकथांकडे: शकुंतला गोगटे, कुमुदिनी रांगणेकर, शैलजा राजे, चंद्रकांत काकोडकर. शेजारच्या कपाटातल्या कित्येक जाडजूड वैचारिक ग्रंथांच्या तारखेच्या चिठ्ठ्या कोऱ्या होत्या. त्यांचं नावसुद्धा निघालं नाही. बाद करायची ती बांधणी सुटलेली, पानांचे कोपरे झिजलेली पुस्तकं. कारण काय, तर फाटली आहेत. अहो, वाचली म्हणूनच फाटली ना!

कुणी तरी म्हणालं, काकोडकर अश्लील. मी सांगितलं, १९६२ च्या ‘रंभा’ दिवाळी अंकातल्या त्यांच्या ‘श्यामा’ कथेवर खटला झाला, उच्च न्यायालयात शिक्षाही झाली, पण १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती अश्लील नाही असा निकाल दिला. त्याच वर्षी त्यांच्या ‘नीलांबरी’ कादंबरीवरचा ‘दो रास्ते’ पडद्यावर आला. तो सहकुटुंब पाहिलेला चालतो, पण बायकांनी दुपारी कादंबरी वाचलेली चालत नाही? यावर कुणी काही बोललं नाही. यादी मंजूर झाली, दाखल नोंदवहीत ‘बाद’ असे शेरे मीच लिहिले आणि पुस्तकं रद्दीत गेली.

सभेत मी आणखी एक मुद्दा मांडला होता: प्रेमकथा ही पायरी आहे. पोळीभाजी केंद्रातलं काम उरकून येणाऱ्या एक मावशी गोगटेंच्या कादंबऱ्या वाचता वाचता उर्मिला पवारांच्या ‘आयदान’ या दलित आत्मकथनापर्यंत आल्या, मग त्यांनी दया पवारांचं ‘बलुतं’ मागितलं. आज मात्र मला तो मुद्दाच नकोसा वाटतो. कारण ‘बलुतं’ परत करताना मावशी म्हणाल्या, “ताई, आता एखादी लग्नात संपणारी द्या.” त्या पायऱ्या चढत नव्हत्याच, त्यांना दोन्ही हवं होतं. मलाही दोन्ही लागतं. वाचकाला त्याचा ग्रंथ मिळावा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच सांगून ठेवलंय. तो ग्रंथ भारदस्तच असावा, अशी अट त्यांनी घातलेली नाही.

तरीही, जीव लावून वाचलेल्या या कादंबऱ्यांमधलं मला खूप काही खुपतं. किती तरी नायिका त्याच चार आडनावांच्या घरातल्या. वस्तीतली, पाड्यावरची, मोहल्ल्यातली मुलगी प्रेमात पडली, तर तिची गोष्ट बहुधा दुःखाचीच. तिलाही पावसात भिजायला मिळावं, रुसायला मिळावं, शेवटी तिचंही भलं व्हावं. अशी पुस्तकं मराठीत भरपूर यायला हवीत.

तोवर ग्रंथपालांना माझं सांगणं आहे: खरेदीची यादी करताना मंडळाच्या आवडीआधी देवघेवीची नोंद उघडा. आणि एखादी बाई संकोचानं पुस्तकाचं मुखपृष्ठ पदराखाली झाकत असेल, तर ते पुस्तक आपण आधी वाचून ठेवा आणि तिच्याशी त्यावर मोठ्यानं, चारचौघांत बोला.