जमाखर्च जुळला पाहिजे

मी बी.कॉम. झालेला कारकून. व्हाउचर आणि खातेवही जुळल्याशिवाय पान पुढे सरकत नाही. मतदान यंत्राचेही तसेच. व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते, मग पेटीत पडते. पण २०१९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघात पाचच केंद्रांच्या चिठ्ठ्या मोजतात. सगळ्या मोजा, ही मागणी २०२४ मध्ये फेटाळली गेली. त्याच डिसेंबरात सोलापूर जिल्ह्यातल्या मारकडवाडीकरांना स्वतःच कागदी मतदान घेऊन पाहायचे होते. प्रशासनाने होऊ दिले नाही. शंका मनातच राहिली.

बंधूंनो, निदान १७-क चा नमुना तरी सोडू नका. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष एकूण मतांचा आकडा लिहून उमेदवाराच्या प्रतिनिधीला प्रत देतो. आमची पोरे पाचलाच चहाला उठतात आणि निकालाच्या रात्री माझ्याशी भांडतात!