हेजहॉग पाळावा का?

पुणे, १४ नोव्हेंबर

चि. अश्विनीस,

अमेरिकेत घरी पाळण्यासाठी विकला जाणारा हेजहॉग मूळचा आफ्रिकेचा. सेनेगलपासून पूर्वेला सुदान-इथिओपियापर्यंत आणि दक्षिणेला झांबियापर्यंतची गवताळ माळराने हा त्याचा मुलूख. मागच्या पायांना चारच बोटे असल्यामुळे त्याला चार बोटांचा हेजहॉग म्हणतात. शास्त्रीय नाव आटेलेरिक्स अल्बिव्हेंट्रिस. वजन साधारण पाव किलो ते अर्धा किलो, लांबी वीतभर. आपल्याकडच्या साळिंदराशी त्याचे नाते नाही. साळिंदर उंदीर-खारींप्रमाणे कुरतडणारा प्राणी आहे, तर हेजहॉग किडे खाणारा, चिचुंद्रीच्या जवळचा. साळिंदराचे काटे सुटून शत्रूच्या अंगात रुततात. हेजहॉगचे काटे आखूड असतात आणि त्याच्याच कातडीत पक्के बसलेले असतात. बीट्रिक्स पॉटरच्या १९०५ सालच्या गोष्टीतली मिसेस टिगी-विंकल आणि इंग्लंडच्या बागांत रात्री फिरणारे तपकिरी हेजहॉग ही युरोपातली मोठ्या अंगाची वेगळी जात. ती रानातली आहे आणि तिथल्या कायद्याचे तिला संरक्षण आहे. राजस्थान-गुजरातच्या कोरड्या पट्ट्यात आणि दक्षिणेत तामिळनाडूकडेही हेजहॉगच्या भारतीय जाती आहेत. त्याही वन्य प्राण्यांतच मोडतात.

अमेरिकेत हे आफ्रिकी हेजहॉग मोठ्या संख्येने आले ते १९८० च्या दशकाच्या अखेरीस. लाळ्या-खुरकुताच्या भीतीने अमेरिकी कृषी खात्याने १९९१ मध्ये आफ्रिकेतून होणारी त्यांची आयात बंद केली. आज तिथे विकली जाणारी पिल्ले ही त्याआधी आलेल्या प्राण्यांची संतती आहे. कुत्रा माणसाजवळ हजारो वर्षे राहिला आणि त्या काळात माणसाचे ऐकणाऱ्या, माणसाकडे पाहणाऱ्या कुत्र्यांचीच पैदास वाढत गेली. हेजहॉगच्या वाट्याला जेमतेम काही दशके आली, आणि त्यातही निवड झाली ती बरीचशी रंगावरून. म्हणून पाळलेला हेजहॉग स्वभावाने अजून रानातलाच आहे. तो माणसाला न घाबरायला शिकू शकतो; माणसाची ओढ मात्र त्याला लागत नाही. पाळण्याचा विचार इथून सुरू करायला हवा, कारण पुढची बहुतेक निराशा याच ठिकाणी उगम पावते. हाक मारल्यावर येणारा, मांडीवर लोळणारा, खेळ मागणारा सोबती हवा असेल तर हा प्राणी तो नव्हे, आणि त्यात त्याचा काही दोष नाही.

त्याची भीती त्याच्या शरीरातच रचलेली आहे. पाठीवर काही हजार काटे असतात. नखे ज्या केराटिनची असतात त्याचेच हे काटे. आतून पोकळ, म्हणून हलके. पाठीच्या कडेने एक गोल स्नायू फिरलेला असतो. तो आवळला की नाडी ओढून थैलीचे तोंड बंद व्हावे तसे डोके, पाय आणि मऊ पोट आत जाते आणि बाहेर फक्त काट्यांचा चेंडू उरतो. अनोळखी वास, अचानक आवाज किंवा वरून आलेला हात एवढे निमित्त पुरते. मग फुसफुस, उड्या मारत काटे टोचणे, क्वचित चावणेही. नजर अधू असल्याने तो माणसाला ओळखतो ते वासाने आणि आवाजाने. त्यामुळे वापरलेला जुना सुती कपडा त्याच्या घरट्यात ठेवणे, रोज संध्याकाळी ठरावीक वेळी शांत बसून दोन्ही हातांची ओंजळ खालून देणे, तो उलगडेपर्यंत थांबणे, हाच परिचयाचा मार्ग आहे. काही हेजहॉग महिन्याभरात निवांत होतात, काही आयुष्यभर गुंडाळी सोडत नाहीत. नवा वास मिळाला की तो वस्तू चावतो, तोंडाला फेस आणतो आणि मान वळवून तो फेस स्वतःच्या काट्यांवर फासतो. पहिल्यांदा पाहणाऱ्याला पिसाळल्याची शंका येते. ते त्या जातीचे नेहमीचे वागणे आहे.

हेजहॉग दिवसभर झोपतो आणि रात्री हिंडतो. रानात एका रात्रीत तो बरेच अंतर कापतो, म्हणून पिंजऱ्यात धावण्याचे चाक लागतेच. ते सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाचे आणि सलग पृष्ठभागाचे असावे. तारांच्या चाकात नखे आणि पाय अडकून मोडतात. पिंजऱ्याचा तळ निदान तीन फूट बाय दोन फूट, सपाट, जाळीचा नसलेला. लपायला एक अंधारी खोपी हवी. एका पिंजऱ्यात एकच प्राणी ठेवावा. जोडीदार आणून त्याचे एकटेपण घालवण्याचा विचार मायेपोटी येतो, पण ही जात एकटीच राहणारी आहे; दोघांना एकत्र ठेवले तर मारामारी होते किंवा नको असताना पिल्ले होतात, आणि घाबरलेली आई पिल्ले खाऊनही टाकते. चाकावर पळता पळताच तो शी करतो, त्यामुळे चाक आणि पाय रोज सकाळी धुवावे लागतात. सकाळी शाळा असलेल्या लहान मुलाच्या खोलीत हा पिंजरा ठेवणे दोघांनाही त्रासाचे. मूल जागे असते तेव्हा प्राणी झोपलेला, आणि मूल झोपते तेव्हा चाक सुरू होते.

सर्वांत कठीण बाब उष्णतेची आहे, आणि दुकानात नेमकी तीच कमी सांगितली जाते. या प्राण्याला २४ ते २९ अंश सेल्सियस, म्हणजे ७५ ते ८५ फॅरनहाइट एवढी ऊब बारा महिने लागते. युरोपातला हेजहॉग हिवाळ्यात दीर्घ निद्रा घेतो, कारण त्यासाठी शरद ऋतूत चरबी साठवण्याची व्यवस्था त्याच्या शरीरात आहे. आफ्रिकेच्या जातीत ती नाही. तापमान १८ अंशांच्या आसपास उतरले की तिचे शरीरही निद्रेत जाऊ पाहते, आणि त्यातून प्राणी बरेचदा दगावतो. पोट गार लागणे, चाल लडखडणे, गुंडाळी नीट न होणे ही लक्षणे दिसली की त्याला अंगाच्या उबेने हळूहळू गरम करत डॉक्टरकडे न्यावे लागते. पिंजऱ्यासाठी प्रकाश न देणारा सिरॅमिक हीटर, त्याला जोडलेला थर्मोस्टॅट आणि आत वेगळा थर्मामीटर, एवढे तिन्ही लागतात. प्रकाशाचे तासही १२ च्या आसपास सांभाळावे लागतात. दिवस लहान झाले तरी शरीर निद्रेकडे झुकते. तुमच्या टेक्सासात उन्हाळ्याची काळजी साहजिक वाटते, आणि तापमान ३२ अंशांवर गेले की उष्माघाताचा धोका खराच आहे. पण फेब्रुवारी २०२१ च्या वादळात त्याच राज्यात लाखो घरांची वीज कित्येक तास, काही ठिकाणी कित्येक दिवस गेली होती. हीटर विजेवर चालतो. तशा रात्री त्याला ऊब कुठून द्यायची याचे उत्तर प्राणी आणण्याआधी तयार असावे.

खाण्याचा प्रश्न मराठी शाकाहारी घरात आधीच मोकळेपणाने बोलून घ्यावा. हेजहॉगचे मूळ अन्न किडे, अळ्या, गोगलगायी. घरी त्याला भरपूर प्रथिनांचे आणि कमी चरबीचे मांजराचे कोरडे खाद्य किंवा हेजहॉगसाठी केलेले खाद्य देतात, पण सोबत किडे लागतातच: रातकिडे, मीलवर्म नावाच्या अळ्या. जिवंत अळ्यांचा डबा फ्रिजमध्ये ठेवण्याची पद्धत आहे. घरातल्या कुणाला ते सहन होणार नसेल, तर वरणभातावर किंवा फळांवर हा प्राणी जगवता येईल अशी समजूत करून घेऊ नये. दूध देऊ नये, त्याला ते पचत नाही. शेंगदाणा टाळूला अडकतो. दुसरीकडे, पिंजऱ्यातला हेजहॉग झपाट्याने लठ्ठ होतो. पाय आत घेता येत नाहीत इतका. मीलवर्म त्याला फार आवडतात आणि त्यांत चरबी पुष्कळ असते, म्हणून ते मोजूनच द्यावे लागतात.

हेजहॉगच्या विष्ठेत साल्मोनेला जिवाणू असू शकतात, प्राणी ठणठणीत दिसत असला तरीही. २०१२ च्या सुमारास अमेरिकेत अशा संसर्गात एक जण दगावला. पुढे २०१९ मध्ये अशाच साथीत २३ राज्यांतल्या ५४ जणांना बाधा झाल्याची नोंद रोग नियंत्रण केंद्राने, म्हणजे सीडीसीने, केली. त्या संस्थेचा सल्ला स्पष्ट आहे: हाताळल्यावर साबणाने हात धुणे, तोंडाजवळ न नेणे, मुका न घेणे, पिंजरा आणि भांडी स्वयंपाकघरात न धुणे, आणि पाच वर्षांखालच्या मुलांना, वृद्धांना, प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांना त्यापासून दूर ठेवणे. भारतातून आई-वडील सहा-सहा महिने राहायला येतात त्या घरांनी हा शेवटचा भाग नीट वाचावा. याशिवाय त्याच्या अंगावरून नायट्याची एक बुरशीही माणसाला लागते.

आयुष्य चार ते सहा वर्षांचे. त्यातली उत्तरार्धातली वर्षे आजारांची असण्याची शक्यता बरीच. तीन वर्षांच्या पुढच्या हेजहॉगमध्ये गाठी आणि कर्करोग फार आढळतात, तोंडातले आणि माद्यांमध्ये गर्भाशयातलेही. दातांचे विकार नेहमीचे. अंगावर खरजेचे किडे झाले की काटे गळू लागतात; पिल्लाचे काटे दीड-दोन महिन्यांच्या वयात बदलतात ते मात्र स्वाभाविक. सर्वांत क्लेशकारक आहे तो लडखडण्याचा रोग. मज्जासंस्था हळूहळू निकामी होते, आधी मागचे पाय आणि मग सारे अंग लुळे पडते. उत्तर अमेरिकेतल्या पाळीव हेजहॉगपैकी सुमारे १० टक्क्यांना तो होतो, बहुधा दोन वर्षांच्या आत सुरू होतो, त्यावर उपचार नाही, आणि निदान पक्के होते ते मृत्यूनंतर मेंदू व मज्जारज्जू तपासूनच. तो आनुवंशिक असावा असा अंदाज असल्याने पिल्लाच्या आई-बापांची माहिती विचारणे हे चौकसपणाचे नव्हे, जबाबदारीचे काम आहे. नेहमीचा कुत्र्या-मांजरांचा डॉक्टर इथे पुरत नाही. अशा वेगळ्या प्राण्यांचा जाणकार लागतो. तपासायचे म्हटले तरी प्राणी गुंडाळी करून बसतो, म्हणून साध्या तपासणीलाही बरेचदा भूल द्यावी लागते आणि खर्च वाढतो. प्राण्याची किंमत या खर्चापुढे किरकोळ ठरते. असा डॉक्टर गाडीने तासाभरात पोहोचण्याजोगा नसेल, तर हेजहॉग आणू नये, हे मत ठामपणे मांडावेसे वाटते. दुखणाऱ्या आणि दुखणे लपवणाऱ्या प्राण्याला उपचाराविना ठेवणे योग्य नाही.

कायदा राज्याराज्यांत वेगळा आहे. कॅलिफोर्निया, हवाई, जॉर्जिया आणि पेनसिल्व्हेनियात हेजहॉग पाळायला मनाई आहे. न्यूयॉर्क शहरातही आहे. टेक्सासात राज्याची आडकाठी नाही, तरी शहराचे नियम आणि भाड्याच्या घराचा करार पाहायलाच हवा. नोकरीच्या निमित्ताने डॅलसहून कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेला जाणे आपल्या माणसांत नवे नाही, आणि तशी बदली आली तर हेजहॉग सोबत नेता येत नाही. भारतात परतताना सामानाबरोबर पाळीव प्राणी आणण्याची सवलत आहे ती कुत्र्या-मांजरांना. कॅलिफोर्नियासारख्या राज्यांतली बंदी जाचक वाटली तरी तिला आधार आहे. १९७४ मध्ये स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या साउथ युइस्ट बेटावर बागेतल्या गोगलगायी खाण्यासाठी काही युरोपीय हेजहॉग आणून सोडले. त्यांची संख्या हजारोंवर गेली आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पाणपक्ष्यांची अंडी ते फस्त करू लागले. २००३ पासून काही वर्षे सरकारी यंत्रणेने त्यांना मारले, आणि लोकांच्या विरोधानंतर पकडून मुख्य भूमीवर नेऊन सोडायला सुरुवात केली. न्यूझीलंडमध्येही एकोणिसाव्या शतकात नेलेल्या हेजहॉगनी तिथल्या पक्ष्यांचे असेच नुकसान केले. उबदार हवेच्या कॅलिफोर्नियाला हीच भीती आहे.

हे सारे ठरवताना मुलाचा हट्ट हे कारण पुरेसे मानू नये. १९९१ च्या खेळातला आणि २०२० च्या चित्रपटातला निळा सॉनिक पाहून हेजहॉग मागणारी मुले पुष्कळ आहेत. त्यांच्या प्रेमात खोट नसते, पण महिन्याभराने चाक धुणारा मोठा माणूसच असतो. तो माणूस रात्री उशिरापर्यंत जागणारा, न बोलता शेजारी बसण्यात समाधान मानणारा, किड्यांची किळस नसलेला असेल, घरात पाच वर्षांखालचे मूल नसेल, आणि पुढची पाच वर्षे मुक्काम बहुधा एकाच राज्यात असेल, तर हा प्राणी जरूर पाळावा. त्याचे नाक सतत हलत असते, ओळखीच्या तळव्यावर तो काटे पाठीशी चापून बसवतो आणि पोट पसरून झोपतो. ज्याने त्यासाठी महिने वाट पाहिली त्याला तो विश्वास मोठा वाटतो, आणि तो तसा आहेच. यातली एक जरी अट बसत नसेल, तर नाही म्हणणे प्राण्याच्याच हिताचे.

घ्यायचे ठरलेच तर आधी हेजहॉग वेल्फेअर सोसायटीसारख्या, सोडून दिलेल्या हेजहॉगना घरे शोधणाऱ्यांकडे विचारावे. मोठ्या वयाच्या प्राण्याचा स्वभाव आधीच कळलेला असतो. पैदास करणाऱ्याकडून घेताना कृषी खात्याचा परवाना विचारावा. चार किंवा त्याहून कमी माद्या ठेवणाऱ्याला तो लागत नाही, तेव्हा नसेल तर कारण विचारावे. पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचे, डोळे चकचकीत, नाक न वाहणारे, काट्यांच्या मुळाशी कोंडा नसलेले आणि चालताना न झुकणारे असावे. घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला हात लावू नये. खाणे-पाणी आणि ऊब तेवढी पाहावी. पुढे दर आठवड्याला वजन करून वहीत लिहावे, कारण हा प्राणी आजारी असल्याचे पहिले चिन्ह बहुतेकदा त्या आकड्यांतच दिसते. त्या वजनासाठी काटा वेगळा घ्यावा, स्वयंपाकघरातला वापरू नये.

तुझी,
सुधामावशी