न चाखलेल्या चवीचा धडा

गेल्या महिन्यात माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा इटलीच्या किनाऱ्यावरून फोन आला. पोरगा रत्नागिरीकडचा. आजोबा खलाशी, वडील खलाशी, हा प्रवासी जहाजावर वेटर. "सर, परवा परीक्षा आहे. मोस्कातो दास्ती डोक्यात बसत नाही. नववीत व्याकरण बसवलंत तसं हेही बसवून द्या ना."

मला वाटलं, कुणा माणसाचं नाव असेल. निघाली वाईन.

मी दारूला कधी हात लावलेला नाही. पण उर्दूचा मास्तर आहे, त्यामुळे साकी, जाम, मैखाना हे शब्द मुलांना वर्षानुवर्षं शिकवतो आहे. रियाज खैराबादींचं अख्खं नाव शराबेच्या शायरीवर झालं आणि स्वतः त्यांनी ती कधी चाखली नाही, असं सांगतात. मग आपण एक धडा घ्यायला काय हरकत, अशी मी मनाची समजूत घातली.

त्याने पाठवलेली पानं वाचली. ही वाईन वायव्य इटलीतल्या पिएमोंतेची, आस्ती शहराच्या आसपासच्या टेकड्यांवरची. पांढऱ्या मोस्कातो द्राक्षाचा रस आंबत असतानाच तो मध्येच गार करायचा आणि गाळून यीस्ट काढून टाकायचं. आंबणं अर्ध्यावर थांबतं, साखर शिल्लक राहते. अल्कोहोल ४.५ ते ६.५ टक्के, बुडबुडे थोडेच. अशा हलक्या बुडबुड्यांच्या वाईनला तिथे 'फ्रिझांते' म्हणतात, खूप फेसाळते ती 'स्पुमांते'. ही थंडगार द्यायची आणि लवकर संपवायची, जुनी करून ठेवण्यात अर्थ नाही.

इथवर त्याचं पाठ होतं. घोडं अडलं होतं ते कशाबरोबर काय द्यायचं, यावर. हेझलनटचा केक, पीच, नाताळातला पानेत्तोने, निळ्या बुरशीचं खारट गोर्गोन्झोला चीज, आणि एकदम तिखट आशियाई जेवण. "सर, यात काही नियमच नाही!"

नियम होता. मी विचारलं, "ईदला शिरखुर्मा खाल्ल्यावर चहा कसा लागतो?"

"फिका."

"झालं तर. गोडाबरोबर द्यायची ती वाईन गोडाइतकी तरी गोड हवी, नाहीतर आंबट लागते. कैरीला मीठ का लावतोस? तसंच खारट चीज आणि गोड वाईन. आणि अम्मीच्या तिखट कालवणावर कडक काही घेतलं तर जीभ आणखी पेटेल. ही गोड, गार आणि सौम्य, म्हणून चालते."

"म्हणजे आपली सोलकढीच की सर!" तो हसला. सोलकढी आंबट असते, तेव्हा उदाहरण काही बरोबर नव्हतं. पण कामाला लागलेल्या पोराला मी टोकलं नाही.

मग तो गप्प झाला. मला कळलं, आता खरा प्रश्न येणार.

"सर, आपली कमाई..."

मी काही मुफ्ती नाही. पण हदीसमध्ये पिणाऱ्याबरोबर पाजणाराही येतो, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही. पाच टक्के आहे, सरबतासारखीच आहे, असं मला म्हणता आलं असतं. नाही म्हणालो. जे पुष्कळ घेतल्यावर चढतं ते थोडंही चालत नाही, हे मीच मुलांना सांगत आलोय. आणि नोकरी सोड, असंही तोंडातून निघालं नाही. त्याच्या बहिणीच्या नर्सिंगची फी त्याच पगारातून जाते. पस्तीस मिनिटं मी त्याला नीट शिकवलं होतं, ते कुठल्या खात्यात जमा होणार हेही मनात आलंच.

"जहाजावर बेकरी असेल ना रे?" मी विचारलं.

"आहे सर. जागा निघाली तर बदली द्या, असा अर्ज दिलाय. दोनदा दिलाय."

"तिसऱ्यांदा दे. इंग्रजी मी तपासून देतो."

गेल्या शुक्रवारी त्याचा मेसेज आला. वीसपैकी अठरा मार्क मिळाले. पानेत्तोनेचं स्पेलिंग चुकलं. अर्ज आम्ही दोघांनी मिळून लिहून पाठवलाय, त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.