हरिश्चंद्रगडावर एकटाच

एकट्याने प्रवासाला निघणाऱ्या माणसाविषयी आपल्या मध्यमवर्गीय घरांत दोनच मते आहेत. एक, त्याचे घरी काहीतरी बिनसले आहे; दुसरे, त्याच्या डोक्यातच काहीतरी बिनसले आहे. आपण काशीला जाणार ते यात्रा कंपनीबरोबर, महाबळेश्वरला जाणार ते दोन बिऱ्हाडे मिळून. नुसते मुंबईहून पुण्याला जायचे असले तरी गाडीत कोणी ओळखीचे निघते का, हे आपण आधी पाहून घेतो. अशा समाजात राहून, ऐन पितृपंधरवड्यात, पाठीवर हॅवरसॅक अडकवून मी हरिश्चंद्रगडाला एकटाच निघालो, तेव्हा घरात काय काय बोलणी झाली असतील याची कल्पना कोणाही संसारी वाचकाला सहज करता येईल.

वास्तविक एकटे जाण्याची हौस मलाही नव्हती. तीस वर्षे सह्याद्री हिंडलो तो एका मित्राच्या सोबतीने. त्यांच्या गुडघ्यांनी आता संप पुकारला आहे आणि डॉक्टरांनी त्यांना घराचा जिनासुद्धा बेताने चढायला सांगितले आहे. त्यांच्यामागे दोन वर्षे मीही डोंगरांकडे खिडकीतूनच पाहिले. पण साठी जवळ आली तशी हिशेब सरळ झाला: डोंगर सोडायचे, नाही तर एकट्याने चढायचे. मित्रवर्यांनी परवानगी दिली, पण तीन अटींवर. चढण्याची वाट, उतरण्याची वाट आणि परतण्याची वेळ कागदावर लिहून घरी ठेवायची. लिहिलेली वाट वाटेत बदलायची नाही. आणि धुके उतरले की पाय थांबवून बसायचे. सौभाग्यवतींनी चौथी अट न बोलता सॅकमध्ये कोंबली: बारा दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा मोठा खडा.

कल्याणहून आळेफाट्याकडे जाणारी पहाटेची एस. टी. मुरबाड, टोकावडे करीत माळशेज घाट चढते. भाद्रपद सरत आलेला, तेव्हा घाटातले धबधबे बारीक झाले होते, पण थांबले नव्हते. घाटमाथा ओलांडला की खुबी फाटा लागतो. तिथे उतरले आणि पिंपळगाव जोगे धरणाच्या भिंतीवरून चालू लागले, की उजव्या हाताला पाणी आणि समोर ढगांत डोके खुपसून बसलेला हरिश्चंद्रगड. तासाभरात खिरेश्वर येते. गाव पुणे जिल्ह्यात, जुन्नर तालुक्यात. गड मात्र अकोले तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात. गावाबाहेर नागेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. त्याच्या छतावरची शिल्पे पाहायची तर मान दुखेपर्यंत वर पाहावे लागते. पुढच्या चढणीचा सराव म्हणून ते ठीकच.

खिरेश्वरातून टोलार खिंड तास-दीड तासाची. वाट गर्द झाडीतून जाते आणि चढणीला काही सुट्टी नाही. एकट्या माणसाला इथे पहिली गोष्ट कळते ती ही, की आपण किती आवाज करतो! सोबत असली म्हणजे बोलण्याखाली सारे झाकून जाते. एकटे असलो की आपला श्वास, सॅकच्या पट्ट्याची करकर, काठीची टकटक हे सगळे आपल्याला ऐकू येते, आणि या सगळ्या गलबल्यात शेकरू मात्र मुकाट्याने एका फांदीवरून दुसरीवर निघून जाते. खिंडीत वाघाचे दगडी शिल्प आहे. येणारे-जाणारे त्याला हात जोडतात. मीही जोडले. एकटा माणूस अशा बाबतीत वाद घालीत नाही.

खिंडीपासून वर कातळाचा टप्पा आहे. पूर्वी तो हातापायांनी चढत असत; आता लोखंडी कठडे बसवले आहेत. तो संपला की माणसाला वाटते, पोहोचलो. पण गड एवढ्यात भेटत नाही. लहानमोठ्या टेकड्यांवरून, मधल्या ओहळांतून आणि रानातून देवळापर्यंत अजून दोन तास चालायचे असते. त्या दिवशी सगळ्या टेकड्या सोनकीने पिवळ्या झाल्या होत्या, आणि ओलाव्याच्या जागी तेरडा गुलाबी होऊन उभा होता. हळदीकुंकवाला निघालेल्या बायकांसारख्या त्या टेकड्या पाहत मी दुसरी टेकडी उतरलो, आणि धुके आले.

सह्याद्रीतले धुके ज्यांनी चित्रात पाहिले आहे त्यांना ते सुंदर वाटते. अंगावर आलेले धुके ही वेगळी गोष्ट आहे. समोरची टेकडी गेली, मग झाड गेले, मग वाट गेली. दगडांवर दिशा दाखवणारे बाण रंगवलेले असतात. पण एका बाणापाशी उभे राहून दुसरा दिसेना. या पठारावर गुरांच्या वाटा जाळ्यासारख्या पसरल्या आहेत, आणि चुकीची वाट कुठे कड्यावर नेईल हे सांगता येत नाही. तिसरी अट आठवली. एका दगडावर बसलो, घोंगडीवजा जाडा शर्ट अंगात चढवला आणि दशमी सोडली.

अर्धा तास गेला, पाऊण तास गेला. मोबाइलला आवाज पोहोचत नव्हता. घड्याळात दोन वाजले होते. धुके चारपर्यंत असेच राहिले तर अंधाराआधी देवळापर्यंत पोहोचणे अवघड होते आणि परत खिंड उतरणेही. भीती वाटली का, असे कोणी विचारील, तर वाटली. ती मोठ्या धक्क्यासारखी नव्हती; ओल्या कपड्यासारखी हळूहळू अंगाला चिकटत गेली.

तेवढ्यात मागून बांगड्यांचा आवाज आला. पाठोपाठ धुक्यातून चाळिशीच्या आसपासची एक बाई बाहेर पडली. डोक्यावर गाठोडे, पायांत साध्या चपला, लुगडे गुडघ्याशी खोचलेले. मला पाहून ती दचकली नाही. वाटेत कोणाचे म्हातारे बसलेले दिसावे तशी थांबली.

"येकलेच आलात व्हय, बाबा?"

"हो. धुके सरायची वाट बघतोय, ताई."

"त्ये सरायचं न्हाई आता. चला माज्यामागं."

मी उठलो. पहिली काही मिनिटे मी फक्त तिच्या टाचांकडे पाहत होतो. जिथे मला वाट दिसत नव्हती तिथे ती वळणे घेत होती, आणि तेही गाठोड्याला हात न लावता. गाठोड्यात नाचणीचे पीठ होते, दहा-बारा किलो तरी असावे. बोलता बोलता कळले, की तिचे माहेर खिरेश्वर आणि सासर पाचनई. पाचनई गडाच्या पलीकडच्या अंगाला. गाडीरस्त्याने जायचे तर केवढा तरी वळसा. म्हणून माहेराला जायचे ते गड चढून आणि गड उतरून. लग्न झाल्यापासून बावीस वर्षे ती हेच करीत आली होती. दोन लेकरे पाठीवर बांधून याच वाटेने आणली होती. आता मुक्काम वर होता, कारण पर्यटकांच्या हंगामात नवऱ्याबरोबर ती देवळाजवळ झाप घालून जेवणाची सोय करते.

"एकटीला भीती नाही वाटत?" मी विचारले.

"भ्या कशाचं? वाट मायेरची हाय." मग थोडे थांबून म्हणाली, "गड मधी पडतो, येवढंच."

मी गप्प झालो. ज्या वाटेसाठी मी महिनाभर बेत केला, नकाशे पाहिले, घरच्यांची मने वळवली, तिच्याविषयी या बाईची तक्रार एवढीच, की गड मध्ये पडतो!

उजेडी देवळापाशी पोहोचलो. हरिश्चंद्रेश्वराचे देऊळ सुमारे १६ मीटर उंच. दगडातून उगवून आल्यासारखे दिसते. शेजारी कातळात खोदलेल्या गुहा, पुढे कोनाड्यांची सप्ततीर्थ पुष्करणी. चांगदेवांचे इथे वास्तव्य होते. त्यांनी आपला 'तत्त्वसार' हा ग्रंथ शके १२३४, म्हणजे इ. स. १३१२ मध्ये याच गडावर पूर्ण केला. त्यांनी ही जागा का निवडली, हे तिथे दहा मिनिटे बसले की कळते. देवळाशेजारून मंगळगंगा वाहते, आणि तिच्या अंगाला केदारेश्वराची गुहा आहे. आत कमरेएवढ्या बर्फगार पाण्यात भले मोठे शिवलिंग. छताला आधार देणारे चार खांब होते, त्यांतले तीन तुटले, एक उरला आहे. चार खांब म्हणजे चार युगे. चौथा तुटला की कलियुग संपणार, अशी समजूत आहे. मी पाण्यात उतरून प्रदक्षिणा घातली. तिसऱ्या पावलाला पाय आपले राहिले नाहीत; पण दिवसभराचा शीण कुठल्या कुठे गेला.

रात्री झापात पिठले, नाचणीची भाकरी आणि ठेचा. मी माझ्या दशम्या पुढे केल्या. त्या घरातल्या धाकट्याने चार खाल्ल्या आणि त्या आमच्या घरच्या असल्याबद्दल मला उगाच अभिमान वाटला. ही माणसे महादेव कोळी. पावसाळ्यात खाली भात लावतात, आणि तो पोटापुरता होतो. हातात रोख पैसा येतो तो गडावर येणाऱ्या आपल्यासारख्यांकडून. म्हणून सुट्टीच्या दिवशी कड्यावर होणाऱ्या गोंगाटाविषयी, रिकाम्या बाटल्या आणि वेष्टनांच्या ढिगांविषयी ती फार बोलत नाहीत. सकाळी मुकाट्याने पोत्यात भरतात. १९८६ पासून हा सारा टापू कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे. पण अभयारण्याची पाटी कचरा उचलीत नाही, तो उचलणारे हात या घरांतले असतात.

सकाळी बाईचा कारभारी मला कोकणकड्यावर घेऊन गेला. कोकणकडा पाहायचा तो पोटावर झोपून. उभ्याने पाहू नये, आणि एकट्याने तर नाहीच. अर्धवर्तुळात वळलेला, मधे आत गेलेला, नागाच्या फण्यासारखा कडा. दीड हजार फुटांहून अधिक खोल. तळाशी बेलपाड्याची घरे आणि मुंगीसारखा दिसणारा माणसांचा संसार. पण त्या दिवशी तळ नव्हताच. दरी काठोकाठ ढगांनी भरली होती आणि मागून, पूर्वेकडून, ऊन येत होते.

"हिकडं या, बाबा. सावली बघा."

ढगावर माझी सावली पडली होती, आणि तिच्या डोक्याभोवती इंद्रधनुष्याचे पूर्ण गोल कडे. बाहेरून तांबडे, आत निळसर. हेच ते इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली याच कड्यावरून ते पाहिल्याची नोंद आहे. सूर्य पाठीशी आणि समोर खाली धुके असले, की धुक्यातले अगदी बारीक थेंब प्रकाश आल्या दिशेने परत फिरवतात आणि ही वलये उमटतात. त्यांचा मध्य असतो पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या सावलीशी. म्हणून गंमत अशी, की मी हरखून म्हटले, "अहो, माझ्या डोक्याभोवती प्रभावळ!" तर शेजारी उभा असलेला कारभारी शांतपणे म्हणाला, "तुमाला तुमच्या डोक्याभवती दिसतीय. मला माज्या."

शास्त्राच्या पुस्तकात हे मी वाचले होते, पण त्या माणसाच्या तोंडून ऐकल्यावर ते खरे समजले. एकट्याने डोंगरावर गेलेल्या माणसाला आपल्या डोक्याभोवती प्रभावळ दिसू लागते, हा काही फक्त थेंबांचा खेळ नाही. सोबत्याशिवाय चढलो, एकट्याने रान तुडवले, हे घरी जाऊन सांगताना तिचा रंग आणखी चढतो. पण बाण कोणी रंगवले? वाट बावीस वर्षे कोणी चालती ठेवली? खरे एकटे चालणे मी पाहिले ते त्या बाईचे. तिच्या डोक्यावर पिठाचे गाठोडे होते आणि त्याला ती साहस म्हणत नव्हती.

तारामती शिखर चढून, चौफेर डोंगरांना नमस्कार करून दुपारी पाचनईकडे उतरलो. ही वाट सोपी. ओढ्याच्या आणि पुढे आलेल्या कातळाच्या सोबतीने दीड-दोन तासांत गावात पोहोचवते. पुढे राजूर, तिथून घर.

वाचकांपैकी कोणाला गड पाहायचा असेल, तर पाऊस ओसरल्यावर जावे. लेकरेबाळे असतील तर पाचनईच्या वाटेने. एकटे जायचे असेल तरी खुशाल जावे. फक्त वाट कागदावर लिहून घरी ठेवावी, धुक्यात पाऊल टाकू नये, जेवण सॅकमधून नेण्याऐवजी वरच्या झापात घ्यावे, आणि वर नेलेली प्रत्येक वस्तू खाली आणावी. टोलार खिंडीच्या पुढे कोणी गाठोडेवाली भेटली, तर तिला आधी वाट द्यावी. तिला संध्याकाळच्या आत घरी पोहोचायचे असते.