दुसरा हिशेब

कुळगावात आम्ही उर्दू आणि मराठी शिकवतो. मुले आता विचारतात, ‘यूट्यूबवर पैसे कधी मिळतात?’ आम्ही हिशेब सांगतो: १,००० सबस्क्रायबर हवेत आणि वर्षभरात व्हिडिओ ४,००० तास पाहिले गेले पाहिजेत. मग मोठ्या व्हिडिओंवरील जाहिरातींचे ५५ टक्के आपले. १०० डॉलर जमेपर्यंत मात्र हातात काही पडत नाही.

दुसरा हिशेब हलाल कमाईचा. आपल्या व्हिडिओआधी व्याजी कर्जाची जाहिरात लागली, तर तिचा वाटाही आपल्याच खात्यात येतो. नको त्या प्रकारच्या बऱ्याच जाहिराती सेटिंगमध्ये बंद करता येतात. मिळकत थोडी घटेल. पण याच पैशांतून अम्मीची औषधे येणार आहेत. पालकांनो, ते काम मुलांकडून पहिल्याच दिवशी करून घ्या.