समासातल्या चौकटी

रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, ही म्हण परवापासून डोक्यातून जात नाही. तुंबडी म्हणजे शिंगाची पोकळ नळी. कातडीला बारीक चिरा द्यायच्या, त्यावर ती टेकवायची, तोंडाने हवा ओढून रक्त काढायचं. जुन्या काळी हेही काम न्हाव्याकडेच असे. पण भिंतीला तुंबडी चिकटेल कशी? मातीच्या खडबडीत भिंतीवर कुठून तरी हवा शिरणारच. म्हणजे तो ती पुन्हा पुन्हा लावत असणार, जागा बदलून, जरा तिरकी धरून. म्हण त्याला रिकामा म्हणते. मला वाटतं, गिऱ्हाईक येईपर्यंत तो हात चालता ठेवत असेल, आणि कान रस्त्याकडे लागलेले असतील.

ती आठवायचं कारण म्हणजे भाचीच्या भौतिकशास्त्राच्या वहीत समासभर चौकटी आहेत. एका शून्याचं पोट बॉलपेनने इतकं गच्च भरलंय की पान उलटलं तरी बोटाला उंचवटा लागतो. त्याच्या शेजारचं अपवर्तनाचं उदाहरण अगदी बरोबर सुटलंय. पुढच्या पानावर चौकटी दुप्पट आणि उदाहरण अर्धवट. चौकटींमुळे उदाहरण राहिलं, की उदाहरण अडलं म्हणून चौकटी आल्या, हे वही सांगत नाही.

हात असे चालण्याचं एक कारण घरांतही असेल. मुंबईतल्या चारकोपात म्हाडाने 1980च्या दशकात वर्ल्ड बँकेच्या मदतीने छोटे छोटे भूखंड पाडले. त्यावरच्या भिंतीला भिंत लागलेल्या घरांत शेजारचा मिक्सर आपल्याच ओट्यावर चालू असल्यासारखा वाटतो. इथे अभ्यासाला बसलेलं पोर पाय हलवतं, पेनचं टोपण चावतं, नखं खातं. घरातलं वडीलधारं माणूस म्हणतं, पाय हलवू नको, लक्ष्मी जाते. त्या पोराला कानावर येणारं सगळं कसं तरी परतवायचं असतं, असं मला वाटतं.

जॅकी अँड्रेड या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ बाईंनी 2009 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. चाळीस जणांना फोनवरचा एक कंटाळवाणा निरोप ऐकवला; त्यातल्या निम्म्यांना ऐकता ऐकता कागदावरचे आकार रंगवायला सांगितले. रंगवणाऱ्यांच्या लक्षात 29 टक्के जास्त राहिलं. पण ते आकार आधीच छापलेले होते, आणि काम नुसतं ऐकण्याचं होतं. उदाहरण सोडवताना काय होतं, ते त्यावरून ठरत नाही. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण लहानपणी जमिनीवर, भिंतींवर चित्रं काढायचे, हे कुणी तरी सांगतंच. पण जिला चित्रकार व्हायचंच नाही, तिच्या चौकटींचं काय?

मला आठवतात त्या श्रावणातल्या बायका. देवळात शिवलीलामृताची पोथी चालायची आणि प्रत्येकीच्या मांडीवर कापूस. सरकी काढायची, पिंजायचा, बोटं राखेत टेकवून वात वळायची, ताटलीत ठेवायची. वातींचा लक्ष पुरा करायचा असे. लेकी-सुनांना कुणी म्हणत नसे की पोथीकडे लक्ष द्या, हात थांबवा. हात चालू असल्यानेच त्या बसून राहू शकत, असं मी बरीच वर्षं धरून चाललो.

पण चिलया बाळाची कथा लागली की हात थांबायचे. त्याची आई चांगुणा लेकराचं मस्तक उखळात घालते तिथे एकही वात वळली जात नसे. अर्धवट वळलेली वात चिमटीत तशीच राहायची. मग त्या आधी ऐकत होत्या, की तेव्हाच ऐकू लागल्या? आणि पोथी तर दर वर्षी तीच, कुठे हात थांबवायचा ते ठाऊक असलेली. अपवर्तन भाची पहिल्यांदाच ऐकते आहे.

तिच्या आईने विचारलंय, वहीबद्दल तिला काही बोलू का म्हणून. मी अजून काहीच सांगितलेलं नाही.