चाकणचा नुक्ता

हे मला आधी कुणी कसं सांगितलं नाही? पंचविशीतल्या एखाद्या पोरीला किंवा पोराला दोन वर्षं पैसे द्यायचे, शिकवायचं, पाठीशी अनुभवी माणूस उभा करायचा आणि म्हणायचं, जा, हा प्राणी वाचव. आणि प्राणी कोणता? वाघ नाही, हत्ती नाही. ज्याचं नाव शेजारच्या गावातही कुणाला ठाऊक नसतं, असा! झूऑलॉजिकल सोसायटी ऑफ लंडन २००७पासून 'एज' नावाचा उपक्रम चालवते, त्यातली ही फेलोशिप. प्राणी निवडायची त्यांची रीत तर मला फारच आवडली. तो किती धोक्यात आहे हे बघतातच, शिवाय त्याचे जवळचे नातलग जगात किती उरलेत हेही बघतात. ज्याच्या कुळात दुसरं कुणीच नाही, तो आधी.

मी हिंजवडीत फेज थ्रीला नोकरी करतो. रात्रपाळीत सहज वाचायला घेतलं आणि उजाडेपर्यंत जागचा हललो नाही.

केरळच्या संदीप दासला ही फेलोशिप मिळाली ती जांभळ्या बेडकासाठी. फुगीर, गुळगुळीत अंग, टोकदार नाक, बारीक डोळे. जवळजवळ सगळं आयुष्य जमिनीखाली काढतो आणि पावसाच्या तोंडावर प्रजननापुरता वर येतो. एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉसाइट यांनी २००३मध्ये त्याची जगाला ओळख करून दिली. शास्त्रीय नावात सह्याद्री आहे, आणि त्याच्या कुळाचे सगळ्यात जवळचे भाऊबंद कुठे, तर समुद्रापार सेशेल्स बेटांवर! संदीपने या बेडकाला महाबली म्हणा असा आग्रह धरला. वर्षातून एकदा प्रजेला भेटायला येणारा राजा केरळात कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मला वाटतं, एखाद्या जिवाबद्दल लोकांत आपलेपणा निर्माण करायचा तर असा करावा.

इंग्लंडचं रफर्ड फाउंडेशनही अशा नवख्यांना मदत देतं. पहिल्या खेपेला काही हजार पौंड, काम चोख झालं तर पुढच्या टप्प्यासाठी पुन्हा अर्ज. झालेल्या कामांचे अहवाल कुणालाही वाचता येतात. भारतातले इतके आहेत की मी वाचतच सुटलो.

आणि मग नुक्ता भेटला. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या नद्यांतले मासे नोंदवले, १८३९मध्ये त्यांची वर्णनं छापली. पोटेल, कावरस, सांडकोळ अशी आपल्याकडची नावंच त्याने शास्त्रात नेली. त्यात हा नुक्ता. तोंडाच्या वर आडवी खोल खाच आणि तिच्यापुढे शिंगासारखा आलेला टेंगूळ. चित्र बघताना मी फोन डोळ्यांजवळ नेला. सापडल्याचं ठिकाण: इंद्रायणी नदी, चाकण. आपलं चाकण! जिथे आज गाड्या बनतात, तिथून हा मासा शास्त्राच्या पुस्तकात गेला, आणि आज तो आययूसीएनच्या लाल यादीत संकटग्रस्त आहे. नदीत सोडलेलं सांडपाणी, वाळूउपसा, धरणं, बाहेरून आणलेले मासे, सगळ्यांनी मिळून कृष्णेच्या खोऱ्यातल्या माशांचं जगणं अवघड केलंय. पुण्याच्या संजय खरात, नीलेश डहाणूकर आणि सहकाऱ्यांनी २००३मध्ये 'करंट सायन्स'मध्ये जिल्ह्यातल्या माशांची यादी कशी बदलत गेली ते मांडलंय. म्हणजे पाया घातलेला आहे. वर चढायला माणसं हवीत.

आशा का धरावी? १८८४नंतर खात्रीची नोंद नसलेला रानपिंगळा १९९७मध्ये आपल्या शहाद्याजवळ पामेला रासमुसेन आणि सोबत्यांना दिसला. ११३ वर्षांनी!

माझी भाची प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करते. सकाळी सातला तिला उठवून सगळं सांगितलं. झोपेतच ऐकत होती, नुक्त्यावर आल्यावर उठून बसली. "मामा, चाकणपासून सुरू नको करायला. वर कामशेतकडून खाली येऊ. आधी भोयांना फोटो दाखवू, जाळं नंतर." तिला हे सुचलं कसं याचं मला नवल वाटलं. रफर्डच्या अर्जात खर्चाचा तपशील द्यावा लागतो, ते काम माझ्याकडे आलंय: भोयांची रोजंदारी, जाळ्यांचं भाडं, होडी, लोकलचा पास, पाणी तपासायची किट. पावसाळ्यात होडीला जास्त पैसे पडतात का, ते शनिवारी कामशेतला जाऊन विचारणार आहोत.